उतारावरच्या घराचा खालचा मजला वापरात आणायचा आहे: काय ठेवावं, काय वगळावं?

माडाची_वाडी

नमस्कार. घर गुहागर तालुक्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या जमिनीवर आहे. रस्ता पूर्वेला, वरच्या अंगाला. त्यामुळे रस्त्यावरून घर एकमजली दिसतं आणि खालून, पश्चिमेकडून दुमजली. हा खालचा मजला आजवर लाकूडफाटा, जुनी कौलं, नारळ आणि मोडकं सामान ठेवायलाच वापरला. आता तो घरच्यांसाठी नीट करायचा आहे.

मापं देते. आतून ३६ फूट लांब (उत्तर-दक्षिण) आणि २० फूट रुंद. जमिनीपासून स्लॅबच्या पोटापर्यंत ८ फूट ३ इंच, बीमखाली ७ फूट ३ इंच. पूर्वेची भिंत ७ फुटांपर्यंत मातीत आहे. उत्तर-दक्षिणेच्या भिंती उताराप्रमाणे मागे मातीत, पुढे उघड्या. पश्चिम बाजू पूर्ण मोकळी: एक दार, दोन खिडक्या आणि पुढे ६ फुटांची पडवी. भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या ठोकळ्यांच्या), मागची १५ इंची, आतून गिलावा नाही. खाली सिमेंटचा कोबा, दोन-तीन ठिकाणी तडे गेलेला.

जुलै-ऑगस्टमध्ये मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी पाझरतं आणि कोब्यावरून बारीक ओघळ दारापर्यंत येतो. दिवाळीनंतर त्याच भिंतीवर पांढरे क्षार दिसतात. छपराच्या पूर्वेकडच्या उताराची पागोळी मागच्या अंगणात थेट भिंतीलगत पडते, पन्हळ नाही.

घरात कायम आम्ही दोघं आणि सासू-सासरे. मे महिन्यात आणि गणपतीत मुलंबाळं धरून १२-१४ माणसं होतात.

डोक्यात असलेली यादी: पाहुण्यांची खोली संडास-बाथरूमसह, प्रोजेक्टरची खोली, मुलांसाठी टेबल टेनिस, आंब्याची आढी घालायला जागा, कपडे धुण्या-वाळवण्याची सोय, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या खाली हलवणं आणि आतून जिना. सध्याच्या सेप्टिक टाकीचं तोंड खालच्या कोब्यापेक्षा दीड फूट वर आहे. विहीर नैर्ऋत्येला, घराच्या कोपऱ्यापासून १४ मीटरवर.

सुचवलं गेलंय ते असं: आतून वॉटरप्रूफिंगचं कोटिंग, त्यावर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), वर फॉल्स सीलिंग, आणि उंची वाढवायला कोबा फोडून फूटभर खोदाई. यातलं काय घ्यावं, काय सोडावं आणि कोणत्या क्रमाने? काम मेपर्यंत उरकायचं आहे.

---

सडा_आणि_चिरा

ताई, खोदाई आधी यादीतून काढा. जांभ्यावरच्या जुन्या घरांचे पाये फार खोल नसतात, बऱ्याचदा कातळ लागला की तिथूनच चिरा चढवलेला असतो. आतून फूटभर माती काढली तर मागच्या भिंतीच्या पायाला आतल्या बाजूचा आधार राहत नाही, आणि बाहेरून ७ फूट मातीचा रेटा चालूच असतो. भिंत आतल्या अंगाला सरकण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे. खोदायचंच असेल तर पाया किती खोल आहे ते एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघावं लागेल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने आखणी करून द्यावी लागेल. ८ फूट ३ इंचात भागवा, हा माझा सल्ला.

आता पाणी. बाकी सगळी यादी याच्यावर उभी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचा पूर्वेकडचा छपराचा उतार ४० फूट बाय १५ फूट धरला तर ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर होतात. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला (आपल्याकडे जुलैत यात विशेष काही नाही) तर ५,६०० लिटर पाणी त्या भिंतीच्या पाठीशी ओतलं जातं. हंगामाचे ३,००० मिलिमीटर धरले तर दीड लाख लिटरहून जास्त. जांभा सच्छिद्र आहे, हे पाणी तो पिणारच. त्यामुळे पहिला खर्च पन्हळीचा. १५० मि.मी.ची अर्धगोल पन्हळ मधून दोन्ही टोकांकडे उतार देऊन लावा, टोकांना ११० मि.मी.चे दोन उभे पाइप. हे पाइप बंद जोडणीनेच घराच्या उत्तर आणि दक्षिण बाजूने खाली पश्चिमेला न्यायचे. भिंतीमागे छिद्रांचा पाइप पुरलात तर छपराचं पाणी त्यात कधीही सोडू नका, नाहीतर ज्या पाण्याला बाहेर काढायचं तेच तुम्ही भिंतीच्या तळाशी नेऊन ठेवता.

दुसरं, मागचं अंगण. भिंतीपासून निदान २ मीटरपर्यंत जमीन भिंतीकडून दूर उतरली पाहिजे, ५० ला १ या उताराने, म्हणजे २ मीटरला ४ सेंटिमीटर. वरून रस्त्याचं पाणी येत असेल तर अंगणाच्या वरच्या कडेला आडवा चर बांधून ते दोन्ही बाजूंना वळवा. ही दोन कामं झाली की बऱ्याच घरांत पाझर इतका कमी होतो की पुढचं काम लहान होतं. शक्य असेल तर ही दोनच कामं या उन्हाळ्यात करा, एक पावसाळा बघा, पेन्सिलीने भिंतीवर तारखेसह ओलीची रेघ मारून ठेवा आणि आतलं फिनिशिंग पुढच्या वर्षी करा.

आतून कोटिंग का चालत नाही ते सांगतो. क्रिस्टलाइन प्रकारची रसायनं काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून छिद्रं बुजवतात. चिऱ्यात तो चुनाच नाही, त्यामुळे थेट दगडावर त्यांचा उपयोग नाही. आधी सिमेंटचा गिलावा करून त्यावर मारतात, पण मग सगळा भार गिलाव्याच्या पकडीवर येतो. मागे पाणी १ मीटर साचलं तर तळाशी चौरस मीटरला १ टनाचा दाब असतो, ७ फूट साचलं तर २ टनांच्या वर. शिवाय आतून सगळे सांधे बंद केले की पाणी भिंतीतच राहतं, क्षार गिलाव्याच्या मागे जमतात आणि पोपडे काढतात. तुमची भिंत १५ इंची आहे, सात फूट मातीला ती जाडी बेताचीच, तिला कोंडलेल्या पाण्याचा जास्तीचा रेटा देऊ नका. पाण्याला वाट द्यायची, अडवायचं नाही. ओळंबा लावून मागची भिंत तपासा. मधोमध पोट काढलेलं दिसलं तर फिनिशिंगचा विचार थांबवून आधी इंजिनिअरला दाखवा.

पक्का उपाय बाहेरून: भिंतीमागे २ फूट रुंद चर, तळ कोब्याच्या पातळीच्या थोडा खाली पण पायाच्या तळाच्या वर. भिंतीचे सांधे साफ करून १:४ चा (सिमेंट:वाळू) २० मि.मी. गिलावा दोन हातांत, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. तळाला ११० मि.मी.चा छिद्रांचा पाइप, छिद्रं खाली, १०० ला १ उतार. भोवती २० मि.मी. खडी, आणि ती सगळी जिओटेक्स्टाइल कापडात (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या) गुंडाळलेली. वरचा एक फूट चिकण मातीने दाबून बंद. दोन्ही कोपऱ्यांत झाकणाचा उभा पाइप ठेवा, कारण जांभ्याची बारीक लाल माती पाइपात बसते आणि दर वर्षी मे महिन्यात पाण्याच्या जोराने धुवावी लागते. उताराचं घर असल्याने दोन्ही तोंडं पश्चिमेला उघड्यावर निघतात, पंप लागत नाही. हा तुमच्या जागेचा मोठा फायदा आहे.

चर सलग उघडू नका. ८-८ फुटांचे तुकडे, एक आड एक, आणि प्रत्येक तुकडा भरून झाल्यावरच शेजारचा. दीड मीटरपेक्षा खोल चरात बाजूंना टेकू नसताना माणूस उतरवायचा नाही. जानेवारी ते मार्च हीच वेळ. एप्रिलअखेरीस वळिवाची सर आली की उघडा चर ढासळतो.

बाहेरून शक्य नसेल तर आतून तळाशी उघडी गटारी: १०० मि.मी. रुंद, मागच्या भिंतीच्या मध्यापासून दोन्ही कोपऱ्यांकडे आणि तिथून बाजूच्या भिंतींलगत पश्चिमेला. मध्यापासून कोपरा ५.५ मीटर, पुढे ६ मीटर, म्हणजे १०० ला १ ने टोकाला साधारण ११५ मि.मी. उतार लागेल. स्वच्छ पाणी आहे, १५० ला १ ने ७७ मि.मी.त भागतं. वर कडाप्प्याच्या सुट्या पट्ट्या, उचलता येतील अशा. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर साप आणि बेडूक त्याच वाटेने आत येतात.

---

ओटी_पडवी

वरच्या उत्तराशी सहमत. पाण्याचा भाग झाला, मी यादीबद्दल लिहिते.

खालचा मजला बघायला आणि ठरवायला लोक नोव्हेंबर ते मे याच काळात येतात, तेव्हा तो घरातला सर्वांत गार आणि सुखाचा भाग असतो. पण तुमच्याकडे माणसं दोनदा येतात, आणि त्यातली एक वेळ भाद्रपदातली, घर सर्वांत ओलं असतानाची. म्हणून प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ही गणपतीत चालेल का? चालत नसेल तर ती मे महिन्यापुरती आणि उचलून नेता येईल अशीच ठेवायची.

त्यासाठी मजल्याचे उभे तीन पट्टे करा. पश्चिमेचा ८-९ फुटांचा पट्टा उजेड आणि वारा असलेला, माणसांनी बसा-झोपायचं ते तिथेच. मधला पट्टा येण्याजाण्याचा आणि खेळाचा. मागच्या भिंतीलगतचे ४ फूट फक्त ओल सोसणाऱ्या वस्तूंना: नारळ, कौलं, फावडी-कुदळी, बादल्या, प्लास्टिकचे पिंप. तिथे तांदूळ, गाद्या, कागद, कपाट काहीच नको. मांडणी ठेवायचीच तर भिंतीपासून ४ इंच आणि जमिनीपासून ६ इंच सोडून.

आढी नक्की घ्या. एप्रिल-मेमध्ये ही जागा आंब्याला उत्तम, पेंढा कोरडा राहतो आणि भर उन्हाळ्याची झळ लागत नाही. तिला कायमची खोली मात्र नको. मधल्या पट्ट्यात ८ बाय १० फूट मोकळी जागा, पेंढ्याखाली बांबूच्या तट्ट्या किंवा लाकडी फळ्यांच्या चौकटी, म्हणजे खालून हवा खेळते. मेअखेरीस पेंढा झाडून बाहेर काढायचाच. पावसात आत राहिला तर बुरशी आणि वाळवी दोन्हींना घर होतं.

प्रोजेक्टर खोली सोडा. आवाज शोषायला गालिचा, जाड पडदे आणि भिंतीला फोम लागतो, आणि या तिन्हींवर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते. लेन्सवरही बुरशी येते आणि ती निघत नाही. पश्चिमेच्या खोलीत साधा भिंतीवरचा टीव्ही पुरे, तोही मधल्या आडभिंतीवर, मातीला टेकलेल्या भिंतीवर नाही.

टेबल टेनिस जमेल, पण जागा मोजून. टेबल ९ फूट बाय ५ फूट. दोन्ही टोकांना निदान ५ फूट आणि बाजूंना ३ फूट धरा, म्हणजे १९ बाय ११. उत्तर-दक्षिण ठेवलंत तर ३६ फुटांत सहज बसतं, मागच्या ४ फुटांत थोडं आलं तरी खेळापुरतं चालतं. मात्र बीमच्या ओळीच्या खाली टेबलाचं टोक येऊ देऊ नका, ७ फूट ३ इंचावर मोठ्या मुलाची बॅट लागते. टेबल घडीचं घ्या आणि जूनमध्ये वरच्या मजल्यावर न्या. घरात वापरायच्या टेबलाची साधी पाटी ओलीने फुगते आणि चेंडू उसळेनासा होतो. कॅरमबोर्डाचंही तेच.

आतून जिना नको. स्लॅब कापणं हा एक भाग, आणि खालची ओलसर हवा त्याच भोकातून वरच्या माजघरात जाणार हा दुसरा. दक्षिणेच्या बाजूने छप्पर असलेला बाहेरचा जिना करा. सासू-सासऱ्यांचा विचार करता पायरी ६ ते ६.५ इंचांची आणि दोन्ही बाजूंना कठडा. त्यांची झोपण्याची सोय मात्र वरच ठेवा.

फॉल्स सीलिंगही नको. उंची आधीच कमी आहे, आणि खारी हवा असलेल्या भागात स्लॅबचं पोट डोळ्यांसमोर राहिलेलं बरं. सळई गंजून काँक्रीट फुगलं किंवा वरच्या न्हाणीचं पाणी झिरपलं तर लगेच दिसतं. आताच हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तिथे आधी दुरुस्ती.

बांधकाम परवानगीच्या नकाशात हा मजला साठवणीचा म्हणून दाखवलाय की राहण्याचा, तेही बघून घ्या. राहण्याच्या खोलीला २.७५ मीटर उंची धरतात, तुमची २.५ मीटर भरते.

---

माडाची_वाडी

दोघांचेही आभार. ओळंबा आजच लावला, मागची भिंत सरळ आहे. खोदाई, प्रोजेक्टर आणि आतला जिना यादीतून गेले. पन्हळ आणि अंगण या हंगामात नक्की.

अजून तीन गोष्टी अडल्यात. भिंतींना आणि जमिनीला मग काय करायचं? संडास खाली होईल की नाही? आणि ओल काढायचं मशीन घेतलं तर पावसाळ्यातही पाहुण्यांची खोली चालेल का?

---

सडा_आणि_चिरा

मागची भिंत उघडीच ठेवा. तारेच्या ब्रशने क्षार कोरडेच झाडा. पाण्याने धुतलेत तर ते विरघळून परत आत जातात. सैल सांधे पाऊण इंच खरवडून चुन्याच्या मसाल्याने दर्जा भरा, १ भाग चुना, अडीच-तीन भाग चाळलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो आणि क्षार दगडाऐवजी सांध्यात येतात, चार-पाच वर्षांनी सांधा परत भरता येतो. दगड परत आणता येत नाही. भिंत उजळ हवी असेल तर चुन्याची सफेदी. प्लास्टिक इमल्शन या भिंतीवर पहिल्याच श्रावणात फुगे धरतं. वॉर्निश तर अजिबात नको, चिरा छान चमकतो खरा पण सहा महिनेच.

पीओपी आणि जिप्सम बोर्ड ओल ओढून घेतात. आडभिंतींना ४ इंची विटांची भिंत किंवा सिमेंट फायबर बोर्ड चालेल. बोर्डाच्या सांगाड्याला जीआय पट्ट्या घेतल्यात तर कापलेल्या टोकांना झिंकचा हात द्या, गंज तिथूनच सुरू होतो. प्लाय लागेल तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचं काहीच नको, तयार कपाटंसुद्धा त्यात आली.

जमिनीसाठी आधी तपासणी. १८ इंच चौरस जाड प्लास्टिक कोब्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा, निदान १६ तास, शक्यतो दोन दिवस. खालच्या अंगाला थेंब आले तर ओल जमिनीतून येते. वरच्या अंगाला आले तर हवेतून. भिंतीवरही हेच करा. आता नोव्हेंबरात एकदा आणि पुढच्या जुलैत एकदा.

कोबा तडकलेला आहेच, तर तो काढून खालची माती मुरूम घालून ठोकून घ्या, त्यावर ६ इंच दगडाचं सोलिंग. मग २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, सांध्याला ६ इंच एकावर एक आणि कडेला भिंतीवर ४ इंच वर चढवलेलं, त्यावर ३ ते ४ इंच पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट). यात पातळी ३-४ इंच वर येऊ शकते, ती उंची तुमच्याकडे नाही. म्हणून जुन्या कोब्याची जाडी आधी एका ठिकाणी फोडून बघा आणि तेवढंच काढून तेवढंच घाला, पायाला हात न लावता. वर खरखरीत व्हिट्रिफाइड किंवा कोटा, पश्चिमेला उतार १०० ला १. लाकडी लॅमिनेट आणि व्हिनाइलची गुंडाळी दोन्ही नकोत, खाली पाणी अडकतं.

संडास. सध्याच्या टाकीचं तोंड कोब्याच्या दीड फूट वर आहे म्हणजे तिथे उताराने जाणार नाही. पंप लावून चढवता येतं, पण वादळात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हाच घरात चौदा माणसं असतात. ते टाळा. पश्चिमेला खालच्या अंगाला स्वतंत्र टाकी हा नीट मार्ग, मात्र शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर हवा, आणि जांभ्याला भेगा असतात म्हणून मी याहून जास्तच ठेवीन. विहीर नैर्ऋत्येला आहे, तेव्हा संडास आणि टाकी वायव्य कोपऱ्यात. विहिरीपासूनचं अंतर प्रत्यक्ष टेपने मोजा, घराच्या कोपऱ्यापासूनचे १४ मीटर गृहीत धरून चालू नका. उतारावर विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा येत असेल तर अंतर भरूनही जागा बदला.

१० माणसांसाठी टाकी आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, पाण्याची खोली १ मीटर, वर ३० सें.मी. मोकळी, आणि दर वर्षी उपसा. पाइप ११० मि.मी., ६० ला १ उतार, ६ मीटरला १० सें.मी. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा एक इंच खाली ठेवा, आणि टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर परत न येऊ देणारी झडप.

---

राजापूर_वायरमन

विजेचं थोडक्यात.

मुख्य बोर्ड वरच. खालच्या मजल्याला वरून स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) द्या, तिचं टेस्टचं बटण तीन महिन्यांतून एकदा दाबून बघा. मागच्या भिंतीत झिरी मारून पाइप पुरू नका. ओल्या चिऱ्यातल्या पाइपात पाणी भरतं आणि पावसाळाभर आरसीसीबी पडत राहते, मग कोणीतरी वैतागून ती काढून टाकतो. सगळं वायरिंग स्लॅबच्या पोटावरून उघड्या पीव्हीसी पाइपात न्या आणि आडभिंतींवर खाली उतरवा. मागच्या ४ फुटांत सॉकेट नकोच, फक्त एक बंद काचेचा दिवा. इतर सॉकेट जमिनीपासून ३ फुटांवर. पट्ट्यांचे स्क्रू स्टेनलेस किंवा पितळी, साधे दोन वर्षांत गळतात.

अर्थिंग मोजून घ्या. जांभ्याची जमीन विजेला वाट देत नाही, जूनच्या ओलीत आकडा ठीक येतो आणि एप्रिलमध्ये बिघडतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात.

छताचा पंखा बसत नाही. पाती जमिनीपासून २.४ मीटरच्या वर हवीत, तुमचं छतच २.५ आहे. भिंतीवरचे पंखे घ्या, आडभिंतीवर.

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वरच राहू द्या. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, त्याला मोकळी हवा लागते, आणि खाली ओलीने टर्मिनल लवकर गंजतात. जनरेटर पडवीतसुद्धा नको, त्याचा धूर खिडकीतून आत येतो. गॅस सिलिंडर तर खाली भरलेला, रिकामा कसलाच ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत मागच्या कोपऱ्यात साचून राहतो आणि वास यायला उशीर होतो. गणपतीत जास्तीची शेगडी खाली लावायचा मोह होतो, तेव्हा हे आधीच घरात सांगून ठेवा.

आणखी एक, विजेचं नसलं तरी. झोपायच्या खोलीच्या निदान एका खिडकीचं गज-ग्रिल आतून उघडणारं, बिजागरीचं करा. दाराकडे आग लागली तर दुसरी वाट नाही.

---

खाडीपलीकडे

मशीनबद्दल. हिशोब करून ठरवा.

पावसाळ्यातली हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची धरली तर तिच्या घनमीटरमध्ये साधारण २४.५ ग्रॅम पाणी असतं. ६० टक्क्यांवर आणायची तर १६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे ८ ग्रॅम काढायचं. पूर्ण मजला १६८ घनमीटर, तासाला एकदा हवा बदलली तर दिवसाला ३२ लिटर. घरगुती मशीनवर २० लिटर लिहिलेलं असतं, तेही ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेलं. शिवाय ओली भिंत पाणी देतच राहते. सगळा मजला मशीनने कोरडा होत नाही, बिल तेवढं येतं.

तेच १२ बाय १४ फुटांची एक खोली वेगळी बंद केली, दार-खिडक्यांना रबरी पट्टी लावली, तर ३९ घनमीटर. दोन तासांना एकदा हवा बदलली तर ४ लिटर, त्यात झोपलेल्या माणसांचं एक-दोन लिटर. हे २० लिटरचं मशीन आरामात करतं. म्हणून पाहुण्यांची खोली वायव्येला, संडासाला लागून, पश्चिमेच्या खिडकीची. खोलीच्या मागे मातीला टेकलेली भिंत येणार नाही अशी आडभिंत घाला. उत्तरेच्या भिंतीचा पुढचा, मातीबाहेरचा भागच खोलीत घ्या. मशीनची नळी थेट बाहेर काढा, बादली भरली की मशीन बंद पडतं. पाहुणे येण्याच्या चार-पाच दिवस आधी सुरू करा, गाद्या वरून तेव्हाच खाली आणा.

ओटी_पडवी यांच्या एका मुद्द्यात भर घालतो. पश्चिमेचा वारा मे महिन्यात चांगला, पण जून ते सप्टेंबर तोच ओल आणतो. त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) २६ अंशांच्या वर जातो, आणि मातीला टेकलेली भिंत-फरशी तेवढीच गार असेल तर पाझर नसतानाही त्यावर पाणी धरतं. पावसाच्या दिवसांत खोलीच्या खिडक्या बंद आणि मशीन चालू, किंवा खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. दोन्ही एकदम नाही. मागच्या मोकळ्या भागात मात्र वारा खेळताच हवा, तिथे पूर्वेच्या भिंतीच्या वरच्या फुटात दोन झरोके, २ फूट बाय ९ इंच, उंबरा अंगणाच्या ६ इंच वर आणि वर छज्जा. एक स्वस्त आर्द्रतामापक खोलीत आणि एक मागे टांगा. ८० टक्क्यांच्या वर आठवडाभर राहिलं की चामडं, लाकूड, कपडे यांवर बुरशी येते.

कपडे आत वाळत घालू नका. ६ किलो कपडे मशीनमध्ये पिळून निघाले तरी त्यांत तीनेक लिटर पाणी असतं, ते सगळं हवेत जातं. धुण्याचं मशीन पडवीच्या दक्षिण टोकाला, ४ इंचांच्या ओट्यावर. तिथेच छपराखाली दोऱ्या आणि एक पंखा.

---

माडाची_वाडी

म्हणजे या हंगामात पन्हळ, अंगणाचा उतार, मागचा चर आणि झरोके. पुढच्या जुलैची ओल बघून मग कोबा, आडभिंती, वायव्येची खोली आणि संडास. मधला भाग आढीला आणि खेळाला मोकळा. टेपने मोजलं, वायव्य कोपऱ्यापुढची जागा विहिरीपासून २६ मीटर भरते आणि विहिरीच्या वरच्या अंगाला येत नाही.

एकच राहिलं. मागच्या कोपऱ्यात लाकूडफाट्याखाली वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या. औषध आत्ता मारू की कोबा निघाल्यावर?

---

सडा_आणि_चिरा

कोबा निघाल्यावर, नवीन पीसीसीच्या आधी, आणि त्याआधी लाकूडफाटा कायमचा बाहेर हलवा. आत्ता फक्त नळ्या मोडून ठेवा, कुठून परत येतात ते कळेल. कोबा उघडा असताना माती आणि भिंतीचा सांधा थेट भिजवता येतो. काही कारणाने कोबा तसाच राहिला तर आयएस ६३१३ च्या पद्धतीने जमीन आणि भिंतीच्या सांध्यात १२ मि.मी.ची भोकं, दर ३०० मि.मी.ला एक, प्रत्येकात जास्तीत जास्त १ लिटर औषध, मग भोक सिमेंटने बंद.

नैर्ऋत्येचा, विहिरीकडचा कोपरा यातून वगळा. जांभ्याच्या भेगांतून औषध विहिरीत उतरू शकतं. त्या बाजूला मातीत काही न घालता लाकडाचा जमिनीशी संबंध तोडा, चौकटी दगडी किंवा सिमेंटच्या करा. आणि फवारणी पावसाच्या तोंडावर कधीच नको. फेब्रुवारीत झाली तर औषधाला मातीत धरायला वेळ मिळतो.